मिल्काबाईंची खाचांची पट्टी

श्रीमती मिल्काबाई चेऊलकर यांची आणि माझी पहिली ओळख एका रिकाम्या बाटलीमुळे झाली. आम्हाला मुंबईहून इस्रायलमधल्या येरुहामला येऊन वर्षही झाले नव्हते. मला खोकला झाला होता. मुंबईला डिस्पेन्सरीत जाताना घरची बाटली धुऊन न्यावी लागे, ती सवय अंगात होती. तशीच एक बाटली फडक्यात गुंडाळून मी इथल्या दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीशी गेलो. खिडकीत रुमानियाहून आलेले एक वयस्क फार्मासिस्ट बसत. त्यांनी बाटली पाहिली, दोन्ही हात वर केले आणि हिब्रूत मोठ्याने काही बोलले. रांगेतली माणसे हसली. मला एक अक्षर कळले नाही.

तेवढ्यात मागे फळ्या पुसत असलेल्या एक बाई पुढे आल्या. अंगावर मदतनिसाचा निळा एप्रन होता. त्यांनी बाटलीचे बूच काढून वास घेतला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "खोबरेल भरत होतात ना यात? कितीही धुवा, वास जायचा नाही. इथे बाटली तेच देतात, भाऊ. खोकला कोरडा आहे की कफ पडतो?"

त्यांनी आतून औषधाची बाटली आणली. त्यावरचे हिब्रू लेबल मी उलटेसुलटे करून पाहू लागलो, तेव्हा त्यांनी कागदाची एक पट्टी घेतली, तिला कातरीने सारख्या अंतरावर खाचा पाडल्या आणि बाटलीला उभी चिकटवली. मुंबईचे कंपाउंडर चिकटवीत तशीच. "एका वेळेला एक खाच. सकाळी एक, रात्री एक. कळलं?"

मला कळले. घरी येताना मला रडू आले. हे मी बायकोला सांगितले नव्हते; वीस वर्षांनी ती आता छापलेले वाचून घेईल.

बाईंना यंदा साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्या निवृत्त होत आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तकात मी लिहावे असे मंडळींनी ठरवले. मी दोनदा नाही म्हणालो. माझे शिक्षण अलिबाग तालुक्यातल्या शाळेत मराठी चौथीपर्यंत झाले. या पुस्तकात डॉक्टर लिहिणार, शिक्षक लिहिणार. माझ्या लेखाने पुस्तकाला उणेपणा येईल ही धास्ती अजून आहे. पण बारा वर्षे मी त्यांच्या हाताखाली बाटल्या धुतल्या, खोकी लावली, फरशी पुसली. काही गोष्टी मलाच ठाऊक आहेत.

बाईंचे वडील भायखळ्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांच्या शेजारी उभे राहून बाई लहानपणी पुड्या बांधायला शिकल्या. पुढे त्यांनी मुंबईत फार्मसीचा डिप्लोमा घेतला. वर्गात दोनच मुली होत्या. यजमान लवकर वारले. मग धाकट्या बहिणीबरोबर त्या इस्रायलला आल्या, तेव्हा त्यांचे वय चाळिसाच्या घरात होते. अधिकाऱ्यांनी त्यांचा कागद पाहिला आणि सांगितले, हा इथे चालणार नाही. युनिव्हर्सिटीत काही विषय पुन्हा करा, मग परवाना असलेल्या फार्मासिस्टच्या हाताखाली स्टाज, म्हणजे उमेदवारी, करा, मग परीक्षा द्या. सगळे हिब्रूत. तोपर्यंत निळा एप्रन.

मुंबईहून आलेल्या आम्हा ज्यूंपैकी अनेकांना असे सांगितले गेले. मुंबईचे क्लार्क इथे रस्त्यावर खडी टाकत होते. बहुतेकांनी मनातल्या मनात जुना कागद फाडून टाकला. बाईंनी पिशवी भरली आणि येरुशलायीमची, म्हणजे जेरुसलेमची, बस धरली. बेर-शेव्याला गाडी बदलायची, पुढे तासन् तास. वर्गात विशी-बाविशीची मुले त्यांना 'साव्ता' म्हणत, म्हणजे आजी. बाई सांगत, "पहिला महिना साव्ता म्हणून हसले. मग मलम घोटायचा तास आला. माझा खलावरचा हात बघितला आणि तीच पोरं म्हणायला लागली, साव्ता, आम्हाला दाखवा." ज्या दिवशी त्या पांढरा कोट घालून खिडकीत बसल्या, त्या दिवशी आमच्या गल्लीतली निम्मी माणसे काही दुखत नसताना दवाखान्यात जाऊन आली. मीही गेलो होतो.

पुढे मी कामाला होतो त्या फॅक्टरीत माझी पाठ गेली. जड उचलायचे नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आणि मी घरी बसलो. बाईंनी शब्द टाकला, म्हणून मला दवाखान्यात काम मिळाले. मुलाखतीत वरच्या साहेबांनी विचारले, याला हिब्रू वाचता येते का? बाई म्हणाल्या, "नाही. म्हणूनच हा घाईने कुठल्या बाटलीला हात लावणार नाही." त्या हे माझ्यासमोर बोलल्या आणि मग मला मराठीत समजावून सांगितले. माणसाचे उणे झाकण्यापेक्षा ते कामी कसे येईल हे पाहण्याची त्यांची पद्धत होती.

स्वभावाने त्या मऊ, पण खिडकीत बसल्या की तितक्याच कडक. फॅक्टरीतले आमचे एक जुने मुकादम चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला आले. मुंबईच्या ओळखी निघाल्या, बाईंच्या वडिलांचे नाव निघाले.

"मिल्का, मी तुला फ्रॉकात पाहिलंय."

"तेव्हाही मी तुम्हाला चिठ्ठीशिवाय काही दिलं नसतं, अंकल. आत डॉक्टर बसलेत. जा."

मी आत फडके पिळत होतो. मुकादम गेल्यावर मला काळजी लागली की हा माणूस आता बाईंच्या वाईटावर राहील. बाई म्हणाल्या, "एलोजीभाऊ, काळजीवर गोळी निघाली ना, तर पहिली पुडी तुमच्या नावाची." तो माणूस पुढच्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन आला, हे मात्र खरे.

आता जे सांगायचे ते मला जड जाते. ते मी दवाखान्यात कामाला लागण्याच्या आधीचे आहे. त्र्याहत्तर सालची लढाई झाली त्याच्या दोन वर्षे आधीचे.

माझी पत्नी शेगुल्ला हिला साखरेचा विकार निघाला होता. डॉक्टरांनी नवी गोळी दिली. रोज सकाळी एक, मग नाश्ता. बाईंनी खिडकीतून तिला मराठीत सांगितले, "रोज घ्यायची. चुकवायची नाही." आठवड्याने किप्पूर आले. आमच्या आजोबांच्या वेळी कोकणात त्याला दारफाळणीचा सण म्हणत. घराची दारे लावायची, पांढरे कपडे घालायचे, उपास धरायचा, बाहेरच्या माणसाला शिवायचे नाही, बोलायचे नाही. मुंबईला माणसे सिनेगॉगमध्ये जात, इथेही जातात. पण त्या वर्षी शेगुल्ला अशक्त होती, म्हणून मी ठरवले की घरीच आजोबांच्या रीतीने सण पाळू. कडी लावली, खिडक्या लावल्या.

शेगुल्लाने सकाळी गोळी घेतली. पाण्याशिवाय, कोरडी. आम्ही दोघांनी आदल्या दिवशी तसे ठरवले होते. औषध म्हणजे काही अन्न नव्हे. पाणी प्यायले नाही तर उपास मोडत नाही, आणि बाईंनी सांगितले होते, चुकवायची नाही. दोन्ही सांभाळले असे आम्हाला वाटले.

दुपारपर्यंत तिला घाम फुटला. हात थरथरू लागले. मग ती भलतेच बोलू लागली, मला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. मुलगी रिबका तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती म्हणाली, "अब्बा, मी कुणाला तरी बोलावते." मी म्हणालो, उपासाचा शीण आहे. संध्याकाळी तारे दिसेपर्यंत दार उघडायचे नाही. मला भीती वाटत होती. पण दार उघडायची भीती त्याहून मोठी होती. त्या दिवशी वर सगळ्यांचे वर्षभराचे लिहिले जाते. दार उघडले आणि त्यामुळेच तिचे काही वाईट लिहिले गेले तर?

तेव्हा दारावर थाप पडली.

"एलोजीभाऊ! मी मिल्का. दार उघडा."

मी दाराशी जाऊन म्हणालो, "बाई, आज आमचं दार उघडत नाही."

"ठाऊक आहे. माझे आजोबापण लावायचे. शेगुल्लाने सकाळी गोळी घेतली?"

"घेतली. पाणी नाही घेतलं."

मग बाईंचा आवाज आला, इतका हळू की मी दाराला कान लावला. "भाऊ, ती गोळी रक्तातली साखर खाली आणते. वर अन्न नसेल तर आणतच राहते. दार उघडा."

माझा हात कडीवर होता. तो हलला नाही. कडी रिबकाने काढली.

बाई उपाशी होत्या. किप्पूरला गाडी चालत नाही, म्हणून गावाच्या त्या टोकापासून उन्हात चालत आल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. प्रार्थनेला उभ्या असताना त्यांना एकाएकी आठवले की शेगुल्लाला आपण 'रोज' म्हणालो, आणि त्या पुस्तक मिटून निघाल्या. त्यांनी रिबकाला साखर आणि पाणी आणायला लावले, शेगुल्लाचे डोके मांडीवर घेतले आणि चमचा तोंडाशी नेला. ती शुद्धीत होती, पण अर्धवट. पाणी ओठांना लागताच तिने दात घट्ट आवळले.

"शेगुल्ला, गीळ."

तिने मान हलवली. नाही.

"अगं गीळ. हे पाप तुझं नाही. आज वर जे काय लिहायचं ते मिल्काच्या नावावर लिहू दे. आई एलोहीमला ठाऊक आहे मी कुठे राहते."

माझ्या पत्नीला ते शब्द आजही आठवतात. ती म्हणते, बाईंनी देवालाच 'आई' म्हटले, ते ऐकून मला हसू आले आणि दात सुटले. पहिला चमचा गेला. मग दुसरा. थोड्या वेळाने तिने मला माझ्या नावाने हाक मारली. बाईंनी रिबकाला डॉक्टरांच्या घरी पिटाळले आणि डॉक्टर येईपर्यंत त्या तिथेच जमिनीवर बसून राहिल्या. त्यांच्या बोटांना साखर चिकटली होती. ती त्यांनी तोंडाला न लावता पदराला पुसली. संध्याकाळपर्यंत त्यांचा उपास तसाच होता.

मी त्यांची माफी मागू लागलो, तर त्यांनी मला थांबवले. "चूक माझी आहे, भाऊ. युनिव्हर्सिटीत मी गोळीचं सगळं शिकले. पण रोज म्हटलं की आपली माणसं सणालाही रोजच धरणार, हे कुठल्या पुस्तकात असणार? ते मीच जाणायला हवं होतं."

माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली. पण नुसते बोलून त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या वर्षापासून किप्पूरच्या आधी पंधरा दिवस त्या डॉक्टरांना घेऊन बसत. कुणी उपास धरायचाच नाही, कुणी त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही, हे एकेकाचे ठरवून घेत. मग ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेन्सिलीने एक लहानसे मिटलेले दार काढीत. दारफाळणीला ही गोळी बंद. ज्यांना उपास मना होता त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगत, कारण म्हाताऱ्यांना ते चित्र काढून पटत नाही.

त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, रिबका त्यांच्या घरी गेली आणि एकच प्रश्न विचारून आली : एवढीशी गोळी माणसाच्या आत गेल्यावर कुठे कुठे जाते? बाईंनी तिला उत्तर दिले नाही, एक जाड पुस्तक दिले. त्या पुस्तकापायी माझ्या घरात तीन वर्षे भांडण चालले.

मला ती जवळ हवी होती. शाळा संपली की मुलीला मिलिटरीत जावे लागते, तीच काळजी मला पुरेशी होती. त्यानंतर पुन्हा चार वर्षे येरुशलायीम, मग स्टाज? फॅक्टरीच्या ऑफिसात जागा होती. मी बाईंना म्हणालो, एवढे शिकून ही काय करणार, तर खिडकीत बसून गोळ्या मोजणार.

बाई माझ्यावर एकदाच रागावल्या, ती वेळ ही. "गोळ्या मोजायला मशीन येईल, भाऊ. ही शिकली तर हॉस्पिटलात जाईल, डॉक्टरांनी लिहिलेलं तपासेल. औषधाच्या कारखान्यात जाईल. लॅबोरेटरीत नवीन औषध शोधायला बसेल. सरकारात जाऊन माझ्यासारखीचीच खिडकी तपासायला येईल. आणि खिडकीत बसली, तर एखाद्याचं दार वाजवायला जाईल. यातलं काय लहान काम आहे ते सांगा."

मी होकार दिला, पण एक गोष्ट केली. ज्याला आम्ही नवस बोलतो त्या एलियाहू हन्नबी प्रेषिताचा मलिदा घातला आणि सगळ्यांसमोर नवस बोललो की मुलगी सुखरूप शिकली तर ती येरुहामलाच परत येईल आणि मिल्काबाईंच्या खिडकीत बसेल. बाई ताटातले पोहे-खोबरे खात होत्या. त्या म्हणाल्या, "एलोजीभाऊ, विद्या काय परतीचं तिकीट काढून शिकतात?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी शब्द दिला होता, आणि तो हन्नबीला दिला होता.

रिबका शिकली. सुटीत घरी आली की अर्धा दिवस बाईंजवळ. स्टाज बेर-शेव्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केला आणि तिथेच तिला नेमले. लहान मुलांच्या वॉर्डातले औषध वजनाप्रमाणे किती द्यायचे हे ती पाहते. तिथे तिचे मन लागले आहे.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होणार असे कळले आणि माझी झोप उडाली. मी रिबकाला येताजाता तेच सांगू लागलो. जागा रिकामी होते आहे, नवस आहे, बाईंचे उपकार आहेत. ती सुरुवातीला मराठीत उत्तर देई. मग हिब्रूत देऊ लागली. शेवटी एका शुक्रवारी, नेहमीप्रमाणे घरी जेवायला आली असता, ताटावरून उठली आणि म्हणाली, "अब्बा, दाय." म्हणजे पुरे. पुढचे दोन शुक्रवार ती आली नाही.

मी बाईंकडे गेलो. म्हटले, तुमचा शब्द ती मोडणार नाही, तुम्ही सांगा. बाई त्या वेळी फळीवरच्या बाटल्या पुसत होत्या, पहिल्या दिवशी पुसत होत्या तशाच. मागे न वळता म्हणाल्या, "तुमच्या रिबकाने मला विचारलं होतं, मी येऊ का म्हणून. मी तिला नको म्हटलं."

मला वाईट वाटले. मी विचारले, मग माझ्या नवसाचे काय?

"नवस कोणी बोललं?"

"मी."

"मग तुम्ही फेडा. पोरीच्या पायावर कशाला घालता?" आणि मग माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तिच्या वॉर्डात ज्या आया बसतात ना, त्यांच्या दारावर ती थाप मारतेच आहे. खिडकी म्हणजे फक्त माझी का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कातर दिली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी बाईंचा विद्यार्थी झालो. बोकेर म्हणजे सकाळ, एरेव म्हणजे संध्याकाळ. लेबलावरचे हे शब्द त्यांनी मला एकेक अक्षर गिरवून शिकवले. सात शब्द यायला मला चार महिने लागले. आकडे आधीच येत होते. पट्टीच्या खाचा सारख्या पडेपर्यंत त्यांनी किती कागद वाया जाऊ दिला! नवे फार्मासिस्ट नेतिवोत गावचे तरुण गृहस्थ आहेत. त्यांना मराठी येत नाही, पण बाईंनी त्यांना सगळे समजावून दिले आहे. औषध ते देतात आणि समजावतात. मग आमची म्हातारी माणसे बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येतात. मी लेबल वाचतो, पट्टी कापतो, आणि पुन्हा खिडकीत दाखवून खात्री करून घेतो. दोनदा. ते तरुण गृहस्थ हसतात. हसू देत.

मी रिबकाला फोन करून सांगितले की नवस फिटला. ती मराठीत म्हणाली, "अब्बा, खाचा सरळ काढता ना?" त्या शुक्रवारी ती घरी आली आणि येताना पांढऱ्या कागदाचे एक जाड बंडल घेऊन आली.

मिल्काबाई आता अश्केलोनला बहिणीकडे राहायला जात आहेत. तिथे समुद्र आहे; चेऊलच्या माणसाला समुद्र जवळ हवा. मला मात्र काळजी आहेच : तिथली हवा दमट, त्यांचे गुडघे दुखतात, आणि दुसऱ्याचे औषध आठवणारी ही बाई स्वतःचे विसरते.

बाई, आपली माणसे एकशेवीस वर्षांचे आयुष्य मागतात. त्यातली साठ तुम्ही आम्हाला देऊन टाकलीत. राहिलेली साठ तुमच्या स्वतःसाठी असोत. गुडघे न दुखता, डोळे शाबूत, झोप शांत. औषधाची बाटली हातात घ्यायची वेळ तुमच्यावर न येवो. आलीच, तर ती बसने माझ्याकडे पाठवा. पट्टी मी कापीन.

आणि दारफाळणीच्या सणाला कधी येरुहामला आलात, तर थाप मारू नका. त्या वर्षापासून आम्ही दार नुसते लोटून ठेवतो. कडी लावत नाही.

— एलोजी नागावकर, येरुहाम